हसाजी : हसऱ्या माणसाचं नाव?

प्रश्न : 'सामाजी हसाजी दिवेकर' असं एक जुनं नाव वाचनात आलं. सामाजी म्हणजे शामजीचं काहीतरी रूप असावं. पण हसाजी? हसऱ्या बाळाचं नाव असं ठेवत असत का? आडनावावरून माणूस कोकणातला वाटतो.

उत्तर : कोकणातला हे बरोबर, दिवेआगरचे ते दिवेकर. बाकी दोन्ही अंदाज चुकले. सामाजी म्हणजे शमुवेल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल, अस्सल हिब्रू नावं. हे गृहस्थ बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. इंग्रजी लिखाणात तेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर होतात. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये मांडवीला त्यांनीच बांधलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

आता यहेज्केल हा शब्द. हिब्रूत 'ह-झ-क' हा धातू बळाचा, घट्टपणाचा. शेवटचा 'एल' म्हणजे देव. 'देव बळ देतो' किंवा 'देव बळ देवो', दोन्ही अर्थ लागतात. बायबलातल्या हिज्कीया राजाच्या नावातही हाच धातू. सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यूंमध्ये तोरा हा धर्मग्रंथ वाचून जागेवर परतणाऱ्याला 'हझाक उबारुख' म्हणतात, त्यातला 'हझाक' हाच. आपल्याकडे 'शाब्बास' म्हणतात तसं.

प्रतिप्रश्न : पण इझिकिएल आणि हसाजी एकच कसं? 'ह' कुठून आला?

उत्तर : 'ह' आला नाही, तो मुळातच होता. गेला तो ग्रीकमध्ये. हिब्रूतला हा वर्ण आपल्या 'ह' आणि 'ख'च्या मधला, घशातून काढायचा. ग्रीकांकडे शब्दाच्या मध्ये तो लिहायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी गाळला. तिथून लॅटिन, तिथून इंग्रजी. म्हणजे नाव युरोप फिरून आलं तेव्हा बिनहकाराचं आलं. इराकी ज्यू मात्र 'हेस्केल' म्हणत राहिले, त्यांचा 'ह' शाबूत. 'झ'चा 'स' कसा झाला हे पाहायचं तर 'हेझ्केल' पाच वेळा भरभर म्हणून बघा, पुढच्या 'क'मुळे तो आपोआप 'स' होतो.

मग आपली नेहमीची रीत : नावाचा सुरुवातीचा तुकडा धरायचा, बाकीचं सोडायचं, वर 'जी' लावायचा. अब्राहामचा अबाजी, बेंजामिनचा बनाजी, मोशेचा मुसाजी. माझ्या मते 'हेस'चं 'हस' झालं ते याच ओघात. बनाजी-अबाजींच्या पंगतीत हेसाजी अडखळला असता.

खरी गंमत पुढे आहे. हसण्यावरून आलेलं नाव हिब्रूत खरोखर आहे, पण ते यित्सहाक, आपल्या मराठी बायबलातला इसहाक. अर्थ 'तो हसेल'. अब्राहाम शंभरीचा, सारा नव्वदीची, आणि देव म्हणतो मुलगा होणार. दोघांनाही हसू आलं, आणि मुलाचं नाव तेच पडलं. या इसहाकाचं बेने इस्राएल रूप इसाजी! म्हणजे हसणारा तो इसाजी, आणि हसाजीचा हसण्याशी काडीचा संबंध नाही. (येसाजी कंकांना यात ओढू नका, ते नाव वेगळं.)

प्रतिप्रश्न : आता कोणी हसाजी सापडेल का?

उत्तर : मी फक्त जुन्या उल्लेखांतच पाहिलाय. मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, बायबल हाती आलं, तशी बहुतेक 'जी'वाली नावं मागे पडून सॅम्युएल, इझिकिएल रुळली. १९२४ मध्ये मुंबईत जन्मलेले कवी निसीम इझिकिएल बेने इस्राएलच. त्यांच्या आडनावाच्या जागी बसलेला इझिकिएल म्हणजे हाच हसाजी. आणि 'निसीम' म्हणजे चमत्कार, तेही अनेकवचनात.