मदत हवी आहे : लिनक्स मिंट, वायफाय पूर्ण दिसतं पण तासाला दगा देतं

गणितबाई

नमस्कार मंडळी,

मी कराडची. नववी-दहावीच्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवते. संगणक जुना डेस्कटॉप आहे. विंडोज १० चे अपडेट बंद होणार म्हणून लेकाने पुण्याला जाण्याआधी त्यावर लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. संगणक आता पहिल्यापेक्षा चपळ झालाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. रडगाणं इंटरनेटचं आहे.

दिवसभर मेल, बातम्या, यूट्यूब सगळं व्यवस्थित चालतं. तास सुरू झाल्यावरही हजेरी आणि गृहपाठाची विचारपूस होईपर्यंत ठीक असतं. नवीन भाग शिकवायला घेतला की आवाज तुटायला लागतो, मुलं चॅटमध्ये "बाई, थांबलात" लिहायला लागतात. कधी आपोआप सावरतं, कधी मला बाहेर पडून पुन्हा यावं लागतं. गंमत म्हणजे वायफायचं चिन्ह सगळा वेळ पूर्ण भरलेलं असतं. कनेक्शन गेल्याचा निरोप एकदाही येत नाही.

बाकीची माहिती : फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन, राउटर हॉलमध्ये, संगणक आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत. संगणकाला स्वतःचं वायफाय नाही, मागच्या बाजूला यूएसबीचा छोटा डोंगल लावलाय, तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच खोलीत मोबाइल मात्र छान चालतो.

कनेक्शनवाल्याचा माणूस येऊन गेला. फायबरला यंत्र लावून म्हणाला, "उणे १९ येतंय, लाइन एकदम ओके." स्क्रीन बघून पुढे म्हणाला, "लिनक्स आहे होय? मग त्यात आम्ही काय करणार!" आणि गेला.

वायर टाकणं सध्या शक्य नाही, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. परीक्षा तोंडावर आल्यात, कृपया मार्ग सुचवा.

बंड्या_बोरिवली

डीएनएस बदला. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. माझ्याकडे यानेच फरक पडला होता.

निवांत

संध्याकाळी आजूबाजूचे सगळे घरी येतात, सगळ्यांचे राउटर एकाच चॅनलवर गर्दी करतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो कमी गर्दीचा असेल तो द्या. मधले ३, ४, ८ वगैरे नकोत, ते दोन्हीकडच्या शेजाऱ्यांवर आदळतात. राउटर 'ऑटो'वर ठेवला तर तो नेमका चुकीचा चॅनल पकडून बसतो असा माझा तरी अनुभव आहे.

शेवगा

घरात मायक्रोवेव्ह आहे का? तोही त्याच पट्ट्यात ओरडतो.

गणितबाई

शेवगा, मायक्रोवेव्ह नाही. निवांत, चॅनल ६ होता, ११ केला. बंड्या, डीएनएसही बदललं. आजचा तास कालच्यासारखाच झाला.

टर्मिनलकर

बंड्याशेठ, डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देण्यापुरतं. कॉल एकदा जोडला गेला की त्याची गरज फारशी उरत नाही. साइट उघडायलाच वेळ लागत असता तर तुमचा उपाय मी आधी करायला सांगितला असता. चालू कॉलचा आवाज तुटणं हे वेगळं दुखणं आहे.

बाई, आता आणखी काही बदलू नका. आधी दुखतंय कुठे ते बघू. संगणक ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडा. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

पहिलीत : पिंग १९२.१६८.१.१
दुसरीत : पिंग ८.८.८.८

पिंग म्हणजे त्या पत्त्याला सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. पहिला पत्ता राउटरचा, दुसरा बाहेरच्या जगातला. तुमच्याकडे तो वेगळा असू शकतो. 'आयपी राउट' ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढे दिसेल. दोन्ही खिडक्या चालू ठेवून तास घ्या. फक्त दुसरी अडखळली तर कनेक्शनवाल्याला पुन्हा बोलवा, पुरावा तुमच्या हातात असेल. पहिलीच अडखळली तर भानगड घरातल्या घरात आहे.

तिसऱ्या खिडकीत 'जर्नलसीटीएल -के -एफ' चालू ठेवा. वायफाय खरोखर तुटत असेल तर तिथे 'डीऑथेंटिकेटेड' असा शब्द असलेली ओळ उमटेल.

फायबरची उणे १९ डीबीएम पातळी उत्तम आहे. फायबरचा घरातला डबा साधारण उणे २७ पर्यंत तग धरतो, त्या बाबतीत तो माणूस बरोबर बोलला. लिनक्सबद्दल जे बोलला ते सोडून द्या.

प्रकाशझोत

विंडोज टाका, विषय संपला.

गणितबाई

टर्मिनलकर, तुम्ही सांगितलं तसं केलं.

दोन्ही खिडक्या एकदमच बिघडतात. म्हणजे राउटरपर्यंत जातानाच घोटाळा आहे. तास नसतानाही राउटरचं उत्तर कधी ३ मिलिसेकंदात, कधी ९०, कधी ११० असं वरखाली येतं. तासाच्या वेळी ते ६००-९०० वर जातं आणि अनुक्रमांकच गळतात, ४१२ नंतर थेट ४१९. तिसऱ्या खिडकीत काहीच उमटलं नाही.

मोबाइलवरून तोच राउटर तेव्हाही नीट उत्तर देत होता.

शेवगा

तास नसताना शंभरच्या आसपास वरखाली होणं ही पॉवर सेव्हिंगची खूण. डोंगल वीज वाचवायला डुलक्या काढतो आणि राउटर त्याच्यासाठी आलेला माल सांभाळून ठेवतो. राउटरची हाळी साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येते. ती ऐकू आली की हा उठतो आणि माल उचलतो. लॅपटॉपला ठीक आहे, डेस्कटॉपला याची काही गरज नाही.

ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्याच्या आत कॉन्फ-डॉट-डी. तिथे 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाइल आहे. तिच्यात वायफाय-डॉट-पॉवरसेव्हपुढे ३ असेल, तो २ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. हे आकडे असे उलटे का वाटतात ते विचारू नका.

गणितबाई

शेवगा, केलं. आता एरवी राउटरचं उत्तर २-३ मिलिसेकंदांवर स्थिर आहे, साइटही पटकन उघडतायत. त्याबद्दल मनापासून आभार.

पण तासाचं दुखणं जिथल्या तिथे.

टर्मिनलकर

म्हणजे दुखणी दोन होती, एक गेलं.

बाई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की हजेरी आणि गृहपाठापर्यंत ठीक चालतं, नवीन भाग घेतला की बिघडतं. कॉल तर दोन्ही वेळी चालूच असतो, मुलंही तेवढीच असतात. नवीन भाग घेताना तुम्ही संगणकावर नेमकं काय सुरू करता?

गणितबाई

रेकॉर्डिंग. गैरहजर मुलांसाठी शिकवण्याचा भाग ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅमवर रेकॉर्ड करते. हजेरीचं करत नाही. फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते, कारण आतला एसएसडी १२० जीबीचा आणि भरत आलेला आहे. संगणकावर ताण येतो का म्हणून लेकाने प्रोसेसर बघितला होता, ४० टक्क्यांच्या वर जात नाही.

टर्मिनलकर

आता खरं सांगा, ती हार्ड डिस्क मागच्या निळ्या पोर्टमध्ये आहे ना? आणि डोंगल तिच्या शेजारी?

गणितबाई

हो! डिस्क निळ्या पोर्टमध्ये, डोंगल तिच्या बरोबर खालच्या पोर्टमध्ये. तुम्हाला कसं कळलं?

टर्मिनलकर

कारण हे दुखणं जुनं आहे. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती ५ गिगाबिटच्या वेगाने धावते आणि धावताना केबल आणि कनेक्टरमधून रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो. हा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरलेला असतो, आणि २.४ गिगाहर्ट्झ त्यात बरोबर सापडतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. डोंगलचा अँटेना डिस्कच्या कनेक्टरपासून दोन बोटांवर असेल तर मग बघायलाच नको.

तुमचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं ते राउटरचा आवाज मोठा आहे म्हणून. पण वरातीच्या बँडशेजारी उभं राहिल्यावर समोरचा कितीही मोठ्याने बोलला तरी काय उपयोग? वायफायची कांडी बँडचा आवाज मोजत नाही. जोडणी तुटत नाही म्हणून तिसऱ्या खिडकीतही काही उमटत नाही, पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, मात्र वाटेत मरतात. मोबाइल बहुधा ५ गिगाहर्ट्झवर असेल, शिवाय तो डिस्कपासून लांब, म्हणून तो खुशाल.

ही झाली शंका. सिद्ध करायची तर कॉल न लावता, इंटरनेटवर काहीही चालू नसताना राउटरला पिंग लावून ठेवा आणि हे करून बघा : आधी डिस्क काढून, मग डिस्क नुसती लावून, मग ओबीएसवर डिस्कवर रेकॉर्डिंग करत, आणि शेवटी तेच रेकॉर्डिंग आतल्या एसएसडीवर. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यात सहज मावेल. प्रत्येक वेळी 'आयडब्ल्यू डेव्ह' पुढे संगणकाने डोंगलला दिलेलं नाव आणि 'लिंक' ही आज्ञा देऊन सिग्नल आणि बिटरेट (वायफायचा माहिती पाठवायचा वेग) टिपून ठेवा.

इंटरनेट वापरात नसतानाही डिस्कवर लिहिलं की पिंग बिघडलं, आणि एसएसडीवर लिहिताना बिघडलं नाही, तर कनेक्शनवाला, लिनक्स आणि ओबीएस तिघेही सुटले.

गणितबाई

ही पद्धत आवडली. एका वेळी एकच चल बदलायचं, बाकी स्थिर. मुलांना मी रोज तेच सांगते.

डिस्क काढून : २-३ मिलिसेकंद, गळती शून्य.
डिस्क नुसती लावून : बहुतेक ३-५, मधूनच एखादं ४०.
डिस्कवर रेकॉर्डिंग : ३०० ते ९००, जवळजवळ पाचातलं एक पाकीट गायब.
एसएसडीवर रेकॉर्डिंग : पुन्हा २-३, गळती शून्य.

सिग्नल चारही वेळा उणे ५१-५२. बिटरेट एरवी ६५ मेगाबिट, डिस्कवर लिहिताना घसरून ६.५.

टर्मिनलकर

क्या बात है. सिग्नल तोच आणि बिटरेट दहाव्या हिश्शावर, याहून स्वच्छ निकाल मिळत नाही. गोंगाट वाढला की वायफाय सावकाश, पुन्हा पुन्हा बोलायला लागतं. ६.५ हा या प्रकारच्या वायफायचा २० मेगाहर्ट्झवरचा अगदी तळाचा गिअर आहे.

आता उपाय, फुकटातले आधी.

डिस्क काळ्या पोर्टमध्ये लावा, म्हणजे यूएसबी २. त्याचा वेग ४८० मेगाबिट. कमी वाटेल, पण ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगचा बिटरेट ४००० किलोबिट असेल तर ते सेकंदाला अर्धा एमबी झालं. यूएसबी २ सेकंदाला ३० एमबी तरी आरामात ओढतं. जुन्या मोठ्या फाइली हलवायच्या असतील तेव्हा तास नसताना पुन्हा निळ्यात लावा. लावल्यावर 'एलएसयूएसबी -टी' देऊन बघा, डिस्कच्या ओळीच्या शेवटी ५००० एम जाऊन ४८० एम दिसायला हवं.

दुसरं, डोंगलला यूएसबीची एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर आणा. मीटरभर पुरे. कॅबिनेटच्या पत्र्यामागून सुटका होते तो फायदा वेगळाच. हे दोन्ही केलंत तर बाकी काही लागणार नाही असं वाटतं.

प्रकाशझोत

म्हणजे विंडोजवर हे झालं नसतं असं नाही?

टर्मिनलकर

झालं असतं. गोंगाट तारेतून येतो, त्याला कुठली सिस्टिम आहे ते कळत नाही. शेवगा यांनी पकडलेलं पॉवर सेव्हिंगचं दुखणं मात्र मिंटमधल्या सेटिंगचं होतं, ते मान्य.

गणितबाई

स्टँडजवळच्या दुकानातून केबल आणली. डोंगल आता टेबलावर पेनस्टँडला रबराने बांधलाय, डिस्क काळ्या पोर्टमध्ये, ४८० एम दिसतंय. आजचा तास पूर्ण रेकॉर्डिंगसह झाला, पिंग एकदाही १० च्या वर गेलं नाही. वर्तुळाचा स्पर्शिकेचा भाग चक्क एका दमात शिकवून झाला. सगळ्यांचे आभार.

लेक म्हणतोय की पुढे ५ गिगाहर्ट्झचा डोंगल घेऊ. घ्यावा का?

टर्मिनलकर

आत्ता अडलेलं नाही, त्यामुळे घाई नको. घेतलात तर खोक्यावरचा वेग बघू नका, आत चिप कोणती आहे ते विचारा. ज्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे तीच घ्या, उदाहरणार्थ मीडियाटेकची एमटी७६१२यू. नाहीतर दर कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर पुन्हा बांधत बसावं लागतं, आणि ते काम लेकाला फोनवरून करावं लागेल. दुकानदाराला चिप माहीत नसते, त्यामुळे मॉडेलचं नाव घेऊन आधी इथे विचारा.

निवांत

वाचनखूण साठवली. एक शंका. माझा वायरलेस माउस पेनड्राइव्हवरून काही कॉपी करताना अडखळतो. आजवर संगणकाला शिव्या घालत होतो. तेच का हे?

टर्मिनलकर

बहुधा तेच. असे बहुतेक माउस २.४ वरच बोलतात आणि त्यांची शक्ती वायफायपेक्षा कितीतरी कमी. त्याचा इवलासा रिसीव्हर पेनड्राइव्हपासून दूर, पुढच्या बाजूच्या पोर्टला लावून बघा.

निवांत

लावला. कॉपी चालू आहे आणि माउसही.