'डंजन'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

गेले काही महिने मी भाचरांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतेय, सगळा खेळ मराठीतून, आणि जगसुद्धा आमचं आम्ही बनवलेलं. वर घाटावर सात गावं, खाली खाडी, खाडीच्या तोंडाशी एक पडका जलदुर्ग. नकाशा झाला, गावांची नावं झाली, पण शब्दांपाशी घोडं अडलंय. डंजनला डिक्शनरीत अंधारकोठडी मिळाली म्हणून परवा मी म्हटलं, "आता तुम्ही अंधारकोठडीत शिरता", तर भाची एकदम कावरीबावरी होऊन म्हणाली, "मावशी, म्हणजे आम्हाला पकडलं का?" तिचं बरोबरच होतं ना, अंधारकोठडीत माणूस टाकला जातो, तिथे आपल्या पायांनी कोण जातं! मग दुसरा शब्द कुठला? भुयार, तळघर, पाताळ? सूत्रधार हा शब्द डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, मस्त रुळलाय आमच्याकडे, हिट पॉइंटला (पात्र अजून किती मार सोसेल तो आकडा) आम्ही 'दम' म्हणतो (किती दम उरलाय तुझ्यात?) आणि तो फिट बसतो कारण त्या आकड्यात नुसतं रक्तमांस नाही, चिवटपणा आणि नशीबही धरलेलं असतं. पण डंजन काही सुटत नाहीये.

प्रतिसाद:
गंमत म्हणजे डंजन हा शब्द मुळात खालचा नाहीच, वरचा आहे. फ्रेंचमधे 'दोंजों' म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज, धन्याची जागा, म्हणजे थोडक्यात आपला बालेकिल्ला, आणि त्यातलं 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. पुढे त्या बुरुजात कैदी ठेवायला लागले आणि इंग्रजीत तो शब्द घसरत घसरत जमिनीखाली गेला. १९७४ मधे खेळ छापला गेला तेव्हापासून तर डंजन म्हणजे खोल्या, वाटा, सापळे, खजिना असं काहीही. तेव्हा एकच प्रतिशब्द शोधूच नका असं माझं स्पष्ट मत. जागा कुठली आहे ते आधी ठरवा, तिचा शब्द आपल्याकडे तयार असतो. वाडा असेल तर तळघर आणि बळद (धान्याची कोठी), गड असेल तर चोरदरवाजा, टाकं, दारूकोठार, डोंगर असेल तर लेणं. आणि पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार! 'पेव फुटलंय' आपण रोज म्हणतो पण पेव बघितलेलं कितीजणांनी? सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, वर तोंड अरुंद, जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि पोटात ऐसपैस, २००५ च्या पुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरून नुकसान झालं. बरेच दिवस बंद असलेलं पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आत हवा नसते, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. यापेक्षा चांगला सापळा कुठल्या रूलबुकात मिळणार सांगा. शब्द घेतला की त्याच्याबरोबर नियम फुकट येतो.

प्रतिसाद:
वरच्याला जोरदार अनुमोदन आणि हेच भुतांनाही लागू. गॉब्लिनला खवीस, झाँबीला मुडदा असं ओढूनताणून करू नका प्लीज. आपल्या प्रत्येक भुताची हद्द ठरलेली आहे, मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, आणि चकवा तर अंगाला हातही लावत नाही, नुसता रात्रभर त्याच शेताभोवती फिरवतो. फायटिंग नाहीच, पण चार फासे चुकले की खेळाडूंची अख्खी टोळी पहाटेपर्यंत जागच्या जागी! आणि एक कळकळीची विनंती, वेताळाला मॉन्स्टर करू नका. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा गावाचा राखणदार आहे, लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून चपला झिजतात अशी श्रद्धा. असा देव तुमच्या सात गावांपैकी एकात असला तर त्याच्याशी लढायचं नसतं, त्याला गाऱ्हाणं घालायचं असतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार, डोक्यातला गुंता सुटला. एक मुद्दा मात्र माझा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदांना संस्कृत नावं दिली, डबीरचा सुमंत झाला, सुरनीसचा सचिव झाला, आणि पेशव्याचा मुख्य प्रधान, पण पुढे मुद्रेत मुख्य प्रधान राहिलं तरी लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. म्हणून मी पण आता कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) वेगळा आणि तोंडी वेगळा शब्द चालवून घेणारे, पोरं 'डंजन' म्हणाली तर म्हणू देत, मी मात्र वर्णन करताना जागेचं खरं नाव घेणार. रविवारी लगेच करून बघितलं. जलदुर्गातल्या कोठाराच्या फरशीखाली पेव सापडलं, थोरला भाचा दोर बांधून उतरायला निघाला तेवढ्यात धाकटी म्हणाली, थांब, आधी कंदील सोड. सोडला. मी म्हटलं, दोन हात खाली गेला, ज्योत बारीक झाली, विझली. कुणी बोलेचना, थोरल्याने कमरेचा दोर सोडला. आता पुढच्या रविवारपर्यंत मला हवं आहे ते त्या दोराच्या गाठीचं नाव, शिडाच्या होडीवरची खलाशी मंडळी वापरतात ती, कुणाला माहीत असेल तर सांगा.