मदत हवी आहे: घरी मिसळलेला पाईपचा तंबाखू जीभ पोळतोय

होटगीरोडवाला
पाईपचा तंबाखू घरी मिसळतोय. दरवेळी जीभ पोळते, चार झुरक्यांत पाईप हातात धरवत नाही. बरणीच्या तळाशी नुसता भुगा. व्हर्जिनिया आणि लताकिया असे दोन जातींचे तंबाखू आहेत, प्रमाण नेटवर बघूनच घेतलं. रविवारी पुन्हा मिसळायचाय, तेव्हा लवकर सांगा.

जुना_ब्रायर
प्रमाण किती? पान अख्खं की कापलेलं? बरणी कुठे ठेवता?

होटगीरोडवाला
सत्तर-तीस, वजन करून. बरणी काचेची, माळ्यावर. प्रश्न जिभेचा आहे ओ, बरणीचा नाही.

जुना_ब्रायर
बरणीचाही आहे. सोलापूरच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर काय तापतं ते तुम्हाला माहीत आहेच. झाकण जरा सैल असलं तरी ओल उडून जाते. सुका तंबाखू भराभर आणि गरम जळतो. चिमूट दोन बोटांत दाबा. सोडल्यावर हळूहळू फुलली तर ठीक. चुरा झाला तर कोरडा, गोळा तसाच राहिला तर जास्त ओला. ओलाही चालत नाही, त्याची वाफ जीभ भाजते.

चाटीगल्ली
सफरचंदाची फोड टाका बरणीत, रात्रीत मऊ होतो.

जुना_ब्रायर
आणि आठवड्यात बुरशी धरते. फोड नको. डिस्टिल्ड वॉटर बारीक फवारा, पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा चिमूट दाबून बघा.

चाटीगल्ली
आम्ही वर्षानुवर्षे फोडच टाकतो, काही होत नाही.

बर्लीप्रेमी
पाणी, फोड सगळं राहू द्या, मूळ दोष व्हर्जिनियाचा आहे. भट्टीत वाळवलेलं पान, त्यात साखर भरपूर. बर्ली ही तंबाखूची दुसरी जात, हवेवर वाळते, साखर जवळजवळ नसतेच. अर्धी बर्ली घाला. लताकिया कमी करू नका, तो धुरी दिलेला असतो, जळतो थंड.

विडीघरकुल
दादा, व्हर्जिनिया आणला कुठून? सोलापुरात सुटा व्हर्जिनिया मी तरी कधी बघितला नाही.

होटगीरोडवाला
लताकियाचा डबा मावसभावाने बाहेरून आणला. व्हर्जिनिया इथल्याच दुकानातून, सुटा. दुकानदार म्हणाला निपाणीकडचा चांगला माल आहे.

विडीघरकुल
मग तो विडीचा तंबाखू आहे. तळहातावर घेऊन बघा, रव्यासारखा दाणा दिसेल. पाईपचा तंबाखू लांब, बारीक पट्ट्यांचा असतो. आमच्या घरी आई विड्या वळायची, सुपात तेंदूची पानं आणि हाच माल. उन्हात वाळवलेला, कडक. विडीत ठीक, पण पाईपमध्ये दाणा गच्च बसतो, हवा जात नाही, मग माणूस जोर लावून ओढतो.

चाटीगल्ली
कुंभारीच्या वसाहतीतले का तुम्ही? विडीकाम कमी झालंय म्हणतात.

विडीघरकुल
हो, गोदूताई परुळेकर वसाहत. विडी कामगार बायकांची १०,००० घरं. काम कमीच झालंय. आईच्या पिढीला दुसरा रोजगार कुणी शिकवला नाही, त्याचं वाईट वाटतं.

सिद्धेश्वरपेठ
मी सांगतो, पाईपच सोडा. धूर छातीत घेत नाही म्हणून तोंडाचा कॅन्सर टळत नाही. माझ्या काकांचं झालंय, म्हणून कळकळीने लिहितोय.

होटगीरोडवाला
काकांचं वाचून वाईट वाटलं. पण मी विचारलंय ते वेगळं. माल दाणेदार आहे हे खरं. पण गुळाचं पाणी शिंपडून मऊ केला होता की.

बर्लीप्रेमी
गुळाचं पाणी? हे आत्ता सांगताय?

होटगीरोडवाला
त्यात सांगण्यासारखं काय? गोडवा देतातच की सगळे.

बर्लीप्रेमी
देतात, पण बर्लीला. ती साखर शोषून घेते.

जुना_ब्रायर
गूळ बंद. तो दाणाही बाजूला ठेवा, कितीही चाळला तरी पट्टी होणार नाही. पट्टीचा व्हर्जिनिया मिळाला की एकदम १०० ग्रॅम नको, २० ग्रॅमच करा: १० व्हर्जिनिया, ६ बर्ली, ४ लताकिया. कापायच्या आधी पान ओलसर करा म्हणजे भुगा पडत नाही. बरणी पलंगाखाली, अंधारात, तीन-चार आठवडे. लताकियाचा वास आधी सगळ्यांवर चढतो, मग बसतो.

होटगीरोडवाला
तीन-चार आठवडे? मला रविवारी पाहिजे. बर्ली पुण्यात मिळेल का? शनिवारी एकजण येतोय तिकडून.

चाटीगल्ली
हुतात्मा एक्स्प्रेसने येणार असेल तर रात्रीच पोचेल. आणि फोडीचं मी अजून म्हणतोय, एकदा करून बघा.