सबमिटल (माल वापरण्याआधी मंजुरीला द्यायचे कागद) दोनदा परत आलं, माल यार्डात पडून आहे. काय चुकतंय?

चिंचोळीचा फिटर
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका नव्या शेडचं फायर हायड्रंट पाइपिंग (आग विझवायच्या पाण्याची लाइन) घेतलंय. आजवर यंत्रमागाच्या लहान शेडच केल्या. मालक म्हणायचा "उद्यापासून लागा", की आम्ही लागायचो. इथं पुण्याचा कन्सल्टंट आहे. कागद मंजूर झाल्याशिवाय भिंतीला एक सपोर्टसुद्धा मारू देत नाही. पाइप, व्हॉल्व्ह, पंप, होज बॉक्स, सगळ्यांची मिळून ३४० पानांची फाइल पाठवली. दोनदा "कोड सी" म्हणजे नामंजूर असा शिक्का मारून परत आली. शेरा एकच, "स्पेसिफिकेशनशी ताळमेळ नाही, पुन्हा सादर करा." पाइप तर आणून ठेवलाय. चार पोरं बसून हजेरी खातायत. नक्की काय पाहिजे या माणसाला?

सात रस्ता
हुतात्मा एक्स्प्रेस पकड, पुण्यात समोर बसून सही घे. मेलवर काय होत नसतं बे.

जुना साइटवाला
सही घ्यायला जा हवं तर, पण ती फाइल घेऊन जाऊ नको.

३४० पानं एकत्र पाठवलीस तिथंच घोळ झाला. पंपाचा एक कर्व्ह (किती दाबाला किती पाणी देतो तो आलेख) कमी असला तरी पाइपचे कागदही त्याच्याबरोबर परत येतात. आधी पाइप आणि व्हॉल्व्ह, कारण ते आधी लागणार. पंपाचं वेगळं, पण तेही लवकर, कारण ऑर्डर दिल्यावर यायला वेळ लागतो. होज बॉक्स शेवटी.

आता पाइपची फाइल उघडली की काय दिसायला पाहिजे ते सांगतो. वर ट्रान्समिटल, म्हणजे पाठवणीचं पान: नंबर, आर० की आर१ (पहिल्यांदा की दुरुस्त करून), बीओक्यूचा (कामाच्या मोजमाप यादीचा) आयटम नंबर. त्याखाली एक तक्ता. डावीकडे स्पेकचं कलम जसंच्या तसं, उजवीकडे आपण काय देतोय ते. फरक असेल तर तिथंच "फरक आहे" लिहायचं. लपवलं तर सापडतंच, आणि मग तो पुढचं प्रत्येक पान भिंग लावून बघतो. मग डेटा शीट. कॅटलॉगचं अख्खं पुस्तक जोडू नको. एका पानावर सहा व्हॉल्व्ह असतात, त्यातला आपला कुठला त्याला बाण काढ. मी शेकडो फाइली तपासल्यात. बाण नसलेल्या पानावर मी सरळ सी मारायचो, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या कुठल्या ओतीचा माल ते सांगणारा) आणि पाइपवरचा शिक्का जुळतो का ते स्वतः यार्डात उभं राहून बघ. एका साखर कारखान्याच्या कामात मी सप्लायरच्या भरवशावर राहिलो. कागद एका लॉटचे, माल दुसऱ्याच लॉटचा. गळीत हंगाम तोंडावर, आणि १५० एमएमची अख्खी लाइन उतरवली. त्या दिवशी ठेकेदारानं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एक विचारतो. तुझ्या पाइपवर पट्टा कुठल्या रंगाचा आहे?

चिंचोळीचा फिटर
काका, आत्ता जाऊन बघितलं. निळा. स्पेकमध्ये "आयएस १२३९, हेवी" लिहिलंय.

जुना साइटवाला
मग कन्सल्टंटचं बरोबर आहे की रे. आयएस १२३९ या पाइपच्या मानकात निळा म्हणजे मीडियम (मध्यम जाडीचा), आपला बी क्लास. हेवीचा पट्टा लाल. १५० एमएमला हेवीची जाडी ५.४ मिमी लागते, व्हर्निअर लावून बघ.

पण सगळा माल वाया गेला असं धरू नको. बऱ्याच स्पेकमध्ये जमिनीखाली हेवी आणि वर मीडियम चालतो. तुझ्याकडं दोन्हीकडं हेवी आहे का, ते कलम नीट वाच. वरच्या भागाला चालत असेल तर दोन वेगळी सबमिटलं कर. खालच्या पाइपबरोबर कोटिंग-रॅपिंगचे (गंज लागू नये म्हणून लेप आणि गुंडाळी) कागद जोड, आयएस १०२२१ प्रमाणे. आणि सप्लायरला आजच फोन लाव, वेल्डिंग झालेला माल कुणी परत घेत नाही.

अक्कलकोट रोड
अजून एक. एमआयडीसी हद्दीत तात्पुरती फायर एनओसी त्यांचाच अग्निशमन विभाग देतो. त्यासोबतचा नकाशा आणि तुमचं शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष कामाचा नकाशा) समोरासमोर ठेवा. आमच्याकडं हायड्रंटची एक जागा ड्रॉइंगवर सरकली होती, शेवटच्या तपासणीत तेवढ्यावरनं फेऱ्या झाल्या. आणि राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे काम परवानाधारक एजन्सीचंच लागतं. तुमचं लायसन नसेल तर फॉर्म 'अ' वर (यंत्रणा नियमाप्रमाणे असल्याचा एजन्सीचा दाखला) सही कोण करणार ते आधी ठरवा.

जुना साइटवाला
हे मोलाचं बोललात. मेथड स्टेटमेंटही (काम कसं करणार त्याचा कागद) नेटवरनं उचलू नको बरं. एकानं दिलेल्यात "बर्फ पडत असल्यास काम थांबवावे" असं होतं. सोलापुरात! त्यापेक्षा मे महिन्यात दुपारी वेल्डर कुठं बसणार ते लिही. आणि हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) पाणी कुठून आणणार तेही. नळाला रोज पाणी नसतं, टँकर लागेल.

चिंचोळीचा फिटर
कलम वाचलं. जमिनीखाली हेवी, वर मीडियम. ४२ पाइपांपैकी २६ वर वापरता येतील, बाकी १६ सप्लायर बदलून देतोय, भाडं माझ्या डोक्यावर. पाइपची फाइल आता १९ पानांची झाली, आज आर२ पाठवली.

जुना साइटवाला
छान. तोवर त्या २६ पाइपांच्या टोकांना टोप्या घाल. एकदा फ्लशिंगला (लाइन पाण्यानं धुताना) आमच्या लाइनमधून आख्खं घुशीचं बीळ बाहेर आलं होतं, चिंध्यांसकट.