बंदुकीच्या लॉकरवर करसवलत? आधी सोसायटीतला गांडूळखताचा खड्डा उघडा

पेठेतला करदाता:
काल इथे एका सभासदाने लिहिलं, "अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये बंदुकीसाठी तिजोरी किंवा लॉक घेतलं की आयकरात ३०० डॉलरपर्यंत सूट मिळते. आपल्याकडेही परवानाधारकांना अशी सवलत द्या, घरातले अपघात थांबतील." खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

सूट देणार कशातून? नवीन करप्रणालीत गुंतवणुकीवरची ८०सीची सूट सुद्धा उरलेली नाही आणि १२ लाखांपर्यंत करच लागत नाही. म्हणजे फायदा कोणाला, तर ज्याला लॉकर सहज परवडतो त्यालाच. भोरमध्ये रानडुकरं हाकायला बंदूक ठेवणारा शेतकरी कुठलं रिटर्न भरतो? दुसरं, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र नीट ठेवीन असं हमीपत्र लिहून द्यावंच लागतं. जे कायद्याने बंधनकारक आहे ते केलं म्हणून बक्षीस? उद्या हेल्मेट घातलं म्हणून घरपट्टी माफ करा. (पुण्यात हेही मागतील.) आणि ज्यांची खरी भीती वाटते त्यांचे गावठी कट्टे मध्य प्रदेशातल्या उमरटीहून येतात. ते काय जीएसटीचं बिल जपून ठेवणार आहेत?

माजी सुभेदार, वानवडी:
करदातेसाहेब, बंदूक कधी हातात धरली आहे का? माझ्या मेव्हण्याच्या शेतघरात बाराबोर खुंटीला टांगलेली असायची. दिवाळीत नातवाने ती काढली आणि बहिणीवर रोखली, खेळ म्हणून. आत काडतूस नव्हतं एवढंच नशीब. मेव्हण्याने हमीपत्र दिलं होतं की! कागद फायलीत, बंदूक खुंटीवर. त्याला दुकानदाराने सांगितलं असतं की लॉकर घे, इतके पैसे सुटतील, तर त्याने त्याच दिवशी घेतला असता. पैसे वाचतात म्हटलं की आमचा मेव्हणा काहीही घेतो.

कॅलिफोर्नियातला कोथरूडकर:
सुभेदारकाकांशी सहमत. इथे अमेरिकेत २०२० पासून मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. सवलत हा एकच उपाय, असं कोणी म्हणत नाही. मिशिगनमध्ये २०२१ साली पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थी मारले. २०२४ मध्ये त्याच्या आईबापांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदाही तिथे लागू झाला. सवलत आणि धाक, दोन्ही लागतात.

पेठेतला करदाता:
तुमच्याकडे बंदूक किराणासारखी मिळते, म्हणून तुम्हाला गोडीगुलाबी करावी लागते. आमच्याकडे २०१९ पासून एका परवान्यावर दोनच शस्त्रं, आणि पिस्तूल-रिव्हॉल्वरवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. एका हाताने ४० टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने लॉकरसाठी परत करायचे?

बाणेरची सेक्रेटरी:
करसवलतीने लोक सुधारतात म्हणणाऱ्यांनी आमच्या सोसायटीत यावं. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी यातलं एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सूट. बिल्डरने खड्डा बांधला, सूट सुरू झाली, त्यानंतर त्यात एक गांडूळ दिसलं असेल तर शपथ. सध्या तिथे जुने टाइल्स आणि एक मोडकी सायकल आहे. लॉकरचंही हेच होणार. बिल जोडतील, लॉकरमध्ये बायकोचे दागिने ठेवतील, पिस्तूल गाडीच्या डॅशबोर्डात.

हडपसरचा माळी:
ताई, खड्डा चालत नाही तो तुमच्यामुळे. आमच्या सोसायटीत चालतो. ओला कचरा वेगळा द्यायला सांगितला की तुमच्याच सभासदांचं नाक वर जातं.

बाणेरची सेक्रेटरी:
आमच्या सभासदांची नाकं तुम्ही कधी मोजलीत? वास येतो अशी तक्रार करणारे तिसऱ्या मजल्यावरचे, खड्डा तळघराच्या मागे! आणि सूट बंद होईल म्हटलं की हेच सगळे मीटिंगला हजर.

हडपसरचा माळी:
म्हणजे सूट बंद होण्याच्या भीतीने माणसं येतात. मग सवलतीचा उपयोग झालाच की.

माजी सुभेदार, वानवडी:
अहो, मुद्दा बंदुकीचा आहे. आता माझंच ऐका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकाला शस्त्र जमा करायला बोलावतात. माझी डबलबार एका पोलीस ठाण्यातून परत आली ती नळीला गंज घेऊन. सरकारला स्वतःला नीट ठेवता येत नाही आणि आम्हाला शिकवणार!

पेठेतला करदाता:
काका, आता कसं बोललात! मग सूट कशाला मागता? परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाला आलात की पोलिसाने घरी येऊन कुलूप बघायचं. नसेल तर परवाना नाही. फुकटात काम.

माजी सुभेदार, वानवडी:
पोलीस घरी येऊन कुलूप बघणार! मुळशीत २०२३ मध्ये जमिनीच्या वादात एका बाईने शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवलं, २०२४ मध्ये त्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा कुठे हालचाल झाली. आधी कोणी बघितलं होतं?

पेठेतला करदाता:
बरं, एवढं मान्य. तपासणी होत नाही. पण मग तुमच्या लॉकरचं बिल तरी खरं की खोटं, हे कोण तपासणार? तोच पोलीस ना?

कॅलिफोर्नियातला कोथरूडकर:
लॉकरवर १८ टक्के जीएसटी आहे, तो काढून टाका. रिटर्न नको, बिल नको, तपासणी नको. शेतकऱ्यालाही फायदा.

पेठेतला करदाता:
आणि सराफांनाही! लक्ष्मी रोडवर तुमचा सत्कार ठेवतील. पण हो, आयकरापेक्षा हे कमी वाईट आहे. यापुढे मी जाणार नाही.

नवीन सभासद:
माफ करा, वरचं सगळं वाचलं नाही. घरपट्टीची ती स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सूट आमची गेली आहे. ती परत कशी मिळते?

बाणेरची सेक्रेटरी:
पीटी-३ फॉर्म भरा. सोबत तुम्ही स्वतः राहता असं सोसायटीचं पत्र आणि राहण्याचा पुरावा. आणि सेक्रेटरीशी जरा गोड बोला, पत्र तीच देते.