२०१८ ची जर्मन एसयूव्ही, साडेतेवीस लाख, रोज कोथरूड-चाकण. घेऊ का?

चाकणची_शिफ्ट

नमस्कार मंडळी. राहायला कोथरूडला, नोकरी चाकण एमआयडीसीत. जाऊन-येऊन रोज ८० किमीच्या आसपास, त्यातला निम्मा वेळ नाशिक फाटा ते मोशी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. आत्ताची सेडान दहा वर्षांची झाली आणि क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा वीस वर्षांचा झाला.

बाणेरच्या एका डीलरकडे २०१८ ची जर्मन एसयूव्ही बघितली. डिझेल, ऑटोमॅटिक, ६४,००० किमी, पहिला मालक डॉक्टर. मागतोय २३.५ लाख. तेवढ्यात महिंद्रा किंवा ह्युंदाईची कोरी गाडी येते हे मला कळतं, बायकोनेही चार वेळा कळवलंय. पण त्या गाडीचं दार लावल्यावर जो आवाज येतो ना... असो. ज्यांनी रोज वापरली आहे त्यांनी खरं सांगा, वर्षाला किती खाते?

पेठेतला_सायकलवाला

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. बाकी आपली मर्जी.

बेदाणेवाला_सांगली

पाव्हणं, त्या दाराच्या आवाजाला मीबी भुललो होतो. ऑगस्ट २०२१ ची गोष्ट. माझं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. रोज सांगली-तासगाव, आठवड्यातून दोनदा कवठेमहांकाळ. गाडी २०१७ ची डिझेल, ५८,००० झालेली, २४ लाख ४० हजारांना घेतली. आज १,३१,००० वर आहे आणि अजून मीच चालवतो. कंपनीचं नाव सांगत नाही, नाव घेतलं की धाग्यावर भांडणं लागतात आणि मूळ विषय राहतो बाजूला.

दुकानाच्या वहीत मी गाडीचं खातं वेगळं काढलंय. डिझेल आणि विमा सोडून चार वर्षांत ६ लाख ८७ हजार. महिन्याला चौदा हजार म्हणा. पण खरी गोम अशी की ते महिन्याला चौदा हजार असं कधी येतच नाही. अकरा महिने गाडी गप, बाराव्या महिन्यात दीड लाख. आम्हा व्यापाऱ्यांना त्याची सवय असते, एखाद्या सौद्यात जातात, दुसऱ्यात येतात. पगारातून हप्ता भरणाऱ्याला तो बारावा महिना लागतो.

आता कुठं गेले ते. एकोणीस इंची चार टायर, १ लाख १२ हजार. ब्रेकची डिस्क आणि पॅड चारही चाकांची, ६१ हजार. आपल्याला वाटतं पॅड बदलले की झालं. या गाड्या जड, ब्रेक जोरकस, पॅडच्या दुसऱ्या-तिसऱ्या सेटला डिस्कही झिजलेली असते. गिअरबॉक्सचं तेल ४४ हजार. यावर वर्कशॉपात मला तोंडावर सांगितलं, "सर, लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं." आता तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान बदला. फिल्टर तेलाच्या प्लास्टिक पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून अख्खा पॅन बदलावा लागतो. आता लाइफटाइम म्हणजे कुणाचं, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

घेताना माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट एकच. गाडीची किंमत साठ लाखांवरून चोवीस लाखांवर आली, तिच्या हेडलाइटची नाही आली. तुम्ही चोवीस लाखांच्या गाडीचा हिशोब करता, आणि गाडी आपली साठ लाखांच्या गाडीसारखं खाते. तिला काय माहीत तुम्ही कितीला घेतली ते.

२०२३ च्या जुलैमध्ये मिरजेत भर बाजारात वायपर आपोआप सुरू झाले. पाऊस नव्हता. मग गाडी लॉक होईना. मग डॅशबोर्डवर दिवाळी. आमच्या गावात या कंपनीचं वर्कशॉप नाही, ट्रकवर घालून पुण्याला पाठवली. पाचव्या दिवशी कोटेशन आलं, १ लाख ९२ हजार, दोन मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटरच म्हणा) बदलायची, पार्ट यायला सहा आठवडे. मी म्हटलं थांबा. ओळखीतून भोसरीत एक मेकॅनिक मिळाला, आधी कंपनीतच पंधरा वर्षं काढलेला. त्यानं मॉड्यूलला हात लावायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला. खाली स्पंज पिळावा इतकं पाणी. काचेचं मोठं छप्पर असतं ना, त्याच्या चारी कोपऱ्यांतून पाणी निघायला बारीक नळ्या असतात. माझी गाडी कडुलिंबाखाली उभी असायची, पानांनी नळी बुजली आणि पाणी खांबातून खाली उतरून वायरिंगवर साचलं. त्यानं गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी घालून नळी मोकळी केली, कनेक्टर साफ केले, आतली वायरिंग दोन दिवस सुकवली. साडेसहा हजार रुपये. तेव्हापासून दर मे महिन्यात ती दोरी मीच फिरवतो.

म्हणून म्हणतो, गाडी नंतर, आधी मेकॅनिक शोधा. असा माणूस तुमच्या माहितीत नसेल तर नवी महिंद्रा घ्या, वहिनींचं बरोबर आहे.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, थंड इंजिन मला स्वतः सुरू करायचंय. टायमिंग चेनचा (इंजिनातल्या साखळीचा) खडखडाट, धूर, जे काय असेल ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. गरम इंजिन सगळं झाकतं. स्कॅनर लावून घ्या, पण बिघाडाचा एकही कोड दिसला नाही म्हणून हुरळू नका. काल रात्री कोड पुसले असतील तर त्याच स्कॅनरवर रेडीनेस, म्हणजे गाडीनं स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपूर्ण दाखवतं, ते बघा. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, गिअरबॉक्सच्या आणि इतर मॉड्यूलमध्येही त्यांची नोंद राहते. मीटर मागे नेणारा सगळीकडे हात मारायला विसरतो. आणि चारी टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले आहेत का? चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला दोन नवे-दोन जुने घातले की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर, ताण येतो. चार कंपन्यांचे चार टायर दिसले तर मालकानं तेलातही काटकसर केली असणार असं मी धरतो.

शेवटचं, सीटबेल्ट संपेपर्यंत बाहेर ओढा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. सीट धुतात, शाम्पू मारतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावरची गाळाची रेघ कुणी धूत नाही.

चाकणची_शिफ्ट

काका, दंडवत. एवढं कुणी डीलरला विचारलं तर तो दुकान बंद करेल. दोन शंका. एक, आठवड्यातून दोन-तीन दिवस मी कंपनीच्या बसने जातो, तेव्हा गाडी बायको नेईल, क्लिनिक तीन किलोमीटरवर. चालेल ना? दोन, डीलरकडे हीच गाडी २०२० च्या शेवटची, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) सुद्धा आहे, पण ३१ लाख. ताणून बसवू का?

बेदाणेवाला_सांगली

तीन किलोमीटर आणि बीएस-६ डिझेल, या दोघांचं पटत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन तापून काही वेळ सलग पळायला लागतं. क्लिनिकला पोचेस्तोवर तापमानाचा काटा अर्ध्यावर येत नाही. तुमच्या चाकणच्या दिवसांनी भागेलही कदाचित, पण मोशीच्या रांगेला मी पळणं म्हणत नाही. रविवारी एक्स्प्रेसवेला लोणावळ्यापर्यंत नेऊन आणायची तयारी असेल तर घ्या. वडापावचा खर्च वेगळा.

पेट्रोल बघितली का? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर ऑडीने इथं डिझेल बंदच केलं, व्होल्वोही पुढं पेट्रोलवर गेली. रोज ८० किमीला पेट्रोल महाग पडेल हे खरं, पण निम्मे दिवस बसने जाणार असाल तर गणित वेगळं आहे.

सर्व्हेयर_ताई

बेदाणेवाल्या काकांनी विमा सोडून हिशोब दिला, तो भाग मी घेते, रोजचं काम आहे.

गाडी सात वर्षांची झाली. या वयाला झिरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारं कव्हर) मिळतं का आणि कितीला मिळतं, हे टोकन द्यायच्या आधी विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. ते नसेल तर क्लेमच्या वेळी प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मे पैसे तुमचे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा. काचेवर नाही. आता या गाड्यांच्या पुढच्या बाजूला धातू असतो किती? बंपर प्लास्टिक, हेडलाइट प्लास्टिक. मागच्या महिन्यात एका गृहस्थांच्या गाडीचा फक्त पुढचा कोपरा रिक्षाला घासला होता. मंजूर रक्कम ऐकून ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मीच घासली.

डीलर म्हणेल "५० टक्के नो क्लेम बोनस आहे". तो डॉक्टरांचा आहे, गाडीचा नाही. पॉलिसी तुमच्या नावावर करताना फरक भरावा लागतो. नावावर करायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत द्या. आणि इंजिन प्रोटेक्ट हे जोडीचं कव्हर घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी मारून सुरू करायला गेलात आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा काय झालं ते तुम्ही पुणेकरांनी बघितलंच आहे.

आरसीवर मूळ नोंदणी एमएच आहे ना? दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त मिळू लागल्या त्याला कारण दहा वर्षांनंतर डिझेल गाडी चालवू न देण्याचा तिथला नियम. इथे आणल्यावर एनओसी, पुन्हा नोंदणी आणि वयानुसार रस्ता कर, म्हणजे स्वस्ताई तिथेच संपली.

भावाबद्दलही एक सांगते. सप्टेंबर २०२५ ला मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के होता तो ४० झाला. नव्या गाड्या उतरल्या, मग जुनीचा भाव आधीचाच कसा? हे बोलून बघा, लाख-दीड लाख सुटतात.

पेठेतला_सायकलवाला

गाडी लावणार कुठे, हे अजून कुणी विचारलं नाही.

चाकणची_शिफ्ट

सायकलवाले, तुम्ही पहिल्यांदाच कामाचं बोललात. आत्ता टेप घेऊन खाली जाऊन आलो. आमच्याकडे यांत्रिक पझल पार्किंग (गाड्या एकावर एक सरकवून ठेवणारं) आहे, पाटीवर लिहिलंय उंची १५५० मिमी, वजन २००० किलो. गाडी सहज १६५० च्या वर. वॉचमन म्हणाला, "साहेब, सगळ्यात वरच्या मजल्यावर बसेल, पण तो मजला जोशी काकांचा."

बेदाणेवाला_सांगली

जोशी काकांना बेदाणे पाठवू का?

चाकणची_शिफ्ट

रविवारचं अपडेट. जोशी काका तयार झाले, महिना हजार रुपयांत अदलाबदल, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर कागद केला. भोसरीचा मेकॅनिक (काकांनी व्यक्तिगत निरोपात नंबर दिला) पंधराशे रुपयांत बरोबर यायला कबूल झाला. डीलरला शनिवारी फोन करून तीनदा सांगितलं, सात वाजता येतो, सुरू करू नका.

आम्ही पावणेसातलाच पोचलो. गाडी चकाचक धुतलेली, डॅशबोर्डवर फूल. मेकॅनिकने काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मीही ठेवला. चहाच्या किटलीसारखं गरम.

बेदाणेवाला_सांगली

फूल कसलं होतं?

चाकणची_शिफ्ट

झेंडू. परत येताना दोघांनी बाणेर फाट्यावर मिसळ खाल्ली, पंधराशे घ्यायला तो नाही म्हणाला. पुढच्या शनिवारी पिंपरीत एक पेट्रोल बघायला चाललोय, थेट मालकाकडून, २०१९ ची.