मदत हवी आहे: आजीचं सोन्याचं नाणं, किती मागायचे?

रानजाई: आजीच्या डब्यात राजाचं सोन्याचं नाणं निघालंय, १९१८ सालचं. सराफ म्हणतो मोडीचाच भाव मिळेल. नेटवर तर लाखांचे आकडे दिसतात. उद्या मामा परत दुकानात जाणार आहेत, लवकर सांगा प्लीज.

खवचट_काका: वजन? फोटो? मागची बाजू? की पत्रिका बघून सांगायचं?

रानजाई: राजाच आहे हो, दाढीवाला!

नाणेवेडा: पंचम जॉर्ज. त्या साली मुंबई टाकसाळीत सोन्याची दोन नाणी पडली. डोक्यावर मुकुट आणि मागे नक्षीत '१५ रुपये' असेल तर मोहोर. डोकं उघडं आणि मागे ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार असेल तर सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश पौंडाचं सोन्याचं नाणं. त्यात सालाच्या वरच्या रेघेवर बारीक इंग्रजी 'आय' (I) दिसला तर मुंबईचं. दोन्ही २२ कॅरेट, ७.९९ ग्रॅम.

वाड्यावरचा: आमच्याकडे कंपनी सरकारचा रामदरबार शिक्का आहे, १८१८चा. काय येतील?

नाणेवेडा: कंपनीने असले शिक्के पाडलेच नाहीत. वेगळा धागा काढा.

गुंतवणूकगुरू: नाणी सांभाळून काय मिळतं? विका आणि गोल्ड ईटीएफ घ्या.

खवचट_काका: विचारलंय का त्यांनी?

सोनपावली: परदेशात कोणी असेल तर पाठवा, तिकडे भाव चांगला येतो.

नाणेवेडा: भलते सल्ले नकोत. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, १९७२चा पुरावशेष कायदा आहे. आणि ऑनलाइन कोणी आधी कमिशन मागितलं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच सावध केलंय.

रानजाई: मुकुट आहे, मागे १५ रुपये! दुकानात वजन ८.४ भरलं.

नाणेवेडा: जास्त कसं? कडी आहे का?

रानजाई: असणारच ना, माळेतलं आहे ते.

खवचट_काका: बोंबला.

सोनपावली: कडी काढून पॉलिश करा, कोण बघतंय!

नाणेवेडा: अजिबात नको. कडी जोडायला डाग (टाका) दिलेल्या जागी काठाचे दाते गेलेले असतात, घासलेलं नाणं संग्राहक लगेच ओळखतो. शिवाय दागिन्यांसाठी हुबेहूब नकलाही खूप झाल्यात, आधी हॉलमार्क सेंटरला कस तपासून घ्या.

रानजाई: ते ठीक आहे, पण आकडा?

नाणेवेडा: खरं निघालं तर त्या दिवशीचा २२ कॅरेटचा भाव गुणिले कडी सोडून नाण्याचं वजन, त्याच्या खाली उतरू नका. घट कापायला लागला तर उठून या. वर किती, ते कडीजवळचा फोटो बघून सांगतो.

रानजाई: इथे फोटो कसा टाकतात?